डार्वान सी-एन: किलोभर अ‍ॅल्युमिनाला बारा ग्रॅम, आणि सगळा खेळ तिथेच

काचेच्या बीकरमध्ये २०० ग्रॅम बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजेच अ‍ॅल्युमिना पावडर घ्या, त्यात ५० ग्रॅम डीएम (क्षार काढलेलं) पाणी घाला आणि चमच्याने घोटा. जे होतं त्याला स्लिप, म्हणजे साच्यात ओतता येईल असं पावडर-पाण्याचं द्रव, म्हणणं धाडसाचं आहे. आधी ओलसर चुरा, मग फार तर फडक्यात टांगून घट्ट झालेला चक्का. चमचा त्यात उभा राहतो. आता त्याच बीकरमध्ये डार्वान सी-एन या डिस्पर्संटचे (कण सुटे ठेवणाऱ्या द्रावणाचे) २.४ ग्रॅम घाला, म्हणजे ड्रॉपरने साधारण पन्नासेक थेंब, आणि घोटत राहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच होत नाही. मग कडेने चकाकी येते, गोळा बसायला लागतो, चमचा हळूहळू आडवा होतो आणि थोड्या वेळात बासुंदीसारखं ओघळणारं पांढरंशुभ्र द्रव तयार होतं. पाणी वाढलं ते जेमतेम दोन ग्रॅम. पावडर तेवढीच आहे.

स्लिप कास्टिंगने (स्लिप प्लास्टरच्या साच्यात ओतून) घट्ट, न गळणारे अ‍ॅल्युमिनाचे भाग करायचे असतील, म्हणजे क्रुसिबल, एका टोकाला बंद असलेल्या नळ्या, थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांची) कवचं, नोझल, तर हिशोबाच्या वहीत पावडर आणि भट्टीचे आकडे मोठे दिसतात आणि ही बाटली तळाशी किरकोळ खर्चात जाते. काम बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा या किरकोळ खर्चाच्या ओळीत. म्हणून हे परीक्षण पावडरीचं नाही, बाटलीचं.

आत काय आहे? व्हँडरबिल्ट या अमेरिकन कंपनीचं हे उत्पादन म्हणजे अमोनियम पॉलिमेथाक्रिलेटचं पाण्यातलं २५ टक्के द्रावण. बाकी ७५ टक्के पाणी. अ‍ॅल्युमिनाच्या कणाचा पृष्ठभाग पाण्यात साधारण पीएच ९ ला विद्युतभाररहित होतो. भार गेला की कण एकमेकांना ढकलत नाहीत, उलट चिकटून गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्यांच्या पोटात पाणी अडकून बसतं. या पॉलिमरच्या साखळ्या कणाला चिकटतात, त्यावर ऋण भाराचा थर देतात आणि वर केसाळ अस्तरासारखा अडथळाही तयार करतात. दोन्ही मिळून कण सुटे राहतात, अडकलेलं पाणी मोकळं होतं. बीकरमध्ये जी चकाकी दिसली ती हीच.

घट्ट भागाशी याचा संबंध सरळ आहे. अ‍ॅल्युमिनाची घनता ३.९८. हजार ग्रॅम पावडर म्हणजे २५१ घन सेंमी. त्यात २५० ग्रॅम पाणी असेल तर स्लिपमध्ये निम्मं आकारमान पावडरचं आणि १०० मिली स्लिपचं वजन सुमारे २५० ग्रॅम. अशी स्लिप सुटी आणि वाहती असेल तर साच्यात कण नीट रचून बसतात आणि सुकलेला कच्चा भाग ६० टक्के घनतेचा मिळतो. गुठळ्यांची स्लिप ओतली तर त्या गुठळ्या तशाच एकमेकींवर टेकून बसतात आणि कच्ची घनता पन्नाशीच्या आसपास घुटमळते. भट्टीत ६० टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर जाताना लांबी १५ टक्के आकसते. ५२ टक्क्यांवरून जायचं तर १९ टक्के आकसावी लागते, आणि बहुतेकदा ती तेवढी आकसतच नाही. गुठळ्यांमधली मोठी पोकळी भट्टीत बुजत नाही. भाग वाकतो, सच्छिद्र राहतो, आणि दोष मात्र भट्टीवाल्याच्या माथी जातो.

आता घरातल्या भावंडांविषयी, कारण दुकानात घोटाळा इथून सुरू होतो. हॉबी पॉटरीच्या दुनियेत जास्त ओळखीचं नाव डार्वान ७-एन. तेही २५ टक्केच, तेही पॉलिमेथाक्रिलेटच, पण अमोनियमचं नाही, सोडियमचं. मातीच्या स्लिपसाठी, पोर्सेलिनच्या कपबश्यांसाठी ते उत्तम आहे आणि तिथे सोडियम सिलिकेटपेक्षा कितीतरी सभ्य वागतं. बीकरमधला चमत्कार तेही तितक्याच ऐटीत करून दाखवतं. म्हणूनच फसगत होते. हिशोब करून बघा: किलोभर अ‍ॅल्युमिनाला ३ ग्रॅम कोरडं सोडियम पॉलिमेथाक्रिलेट गेलं तर त्यातून साधारण ०.६४ ग्रॅम सोडियम, म्हणजे ०.८६ ग्रॅम सोडियम ऑक्साइड भागात शिल्लक राहतं. टक्केवारीत ०.०८६. जादा पैसे मोजून आणलेल्या ‘लो सोडा’ पावडरीत मुळात सोडियम ऑक्साइड ०.१ टक्क्याच्या आत असतं. म्हणजे एका बाटलीने ते जवळपास दुप्पट केलं. भट्टीत हे सोडियम बीटा-अ‍ॅल्युमिनाचे चपटे कण तयार करू शकतं आणि गरम असताना भागाचा विद्युतरोध खाली आणतं. शिवाय प्लास्टरच्या साच्यातल्या सल्फेटशी जुळून साच्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरा क्षार फुटतो तो वेगळाच. सी-एनमधला अमोनियम भाग वायू होऊन उडून जातो, पॉलिमर साधारण ५०० अंशांपर्यंत जळून जातो, मागे काही राहत नाही. इन्सुलेटर किंवा क्रुसिबल करणाऱ्याने सोडियमवाल्या बाटलीकडे वळूनही बघू नये.

दुसरी गल्लत टक्केवारीची. कुठल्यातरी कृतीत ‘डिस्पर्संट १.२ टक्के’ लिहिलेलं असतं आणि ते बाटलीतल्या द्रावणाचं की कोरड्या पॉलिमरचं याचा उल्लेख नसतो. डार्वान सी-एन २५ टक्के. त्याच घरातलं डार्वान ८२१-ए हे अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेट ४० टक्के. ड्युरामॅक्स डी-३००५ हे ३५ टक्के. आणि जर्मनीच्या चिमर अँड श्वार्ट्सचं डोलापिक्स सीई ६४, जे प्रयोगशाळांमध्ये फार लाडकं आहे, ते ६५ ते ७० टक्क्यांच्या घरात. डार्वानची कृती समोर ठेवून तेवढेच ग्रॅम डोलापिक्स ओतलं तर मात्रा जवळजवळ पावणेतीन पट होते. स्लिप पातळ होऊन पुन्हा घट्ट झालेली दिसते आणि माणूस समजतो की कमी पडलं, अजून घालूया. मग तिचा खरोखरच घोळ होतो. वहीत नेहमी कोरड्या पॉलिमरचा आकडा लिहावा आणि बाटलीवरून त्याचं वजन काढावं.

डोलापिक्स आणि सी-एन यांत निवड करायची तर? दोन्ही अल्कलीमुक्त, दोन्ही अ‍ॅल्युमिनावर खात्रीचे. डोलापिक्स थोडंच लागतं, त्यामुळे लहान बॅचमध्ये मोजमापातली चूक महागात पडते. ५० ग्रॅम पावडरीला ते ०.२ ग्रॅमच्या आसपास येतं, आणि अशा वजनाला तीन दशांशाचा काटा हवा. सी-एन पातळ असल्याने तेच काम ०.६ ग्रॅमचं होतं, साध्या दोन दशांशाच्या काट्यावरही चालून जातं. लहान कार्यशाळेसाठी आमचं मत सी-एनच्या बाजूने पडतं ते या एवढ्याशा कारणाने.

सुटं भरून विकलेलं सामान घेत असाल तर वापरण्याआधी तीन चाचण्या करा. बाटली कुठलीही असो, या तिघींना पाव दिवस पुरतो. पहिली, बशीत १० ग्रॅम वजन करून ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. सी-एनचं २.५ ग्रॅमच्या जवळपास उरलं पाहिजे, थोडा अमोनिया उडाल्याने किंचित कमी. १.५ ग्रॅम उरलं तर कुणीतरी पाणी घातलं आहे. दुसरी, चमचाभर द्रावणात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचे दोनचार थेंब टाका, हातमोजे आणि चष्मा लावूनच. अमोनियमचं असेल तर नाकात झणका येतो. वास आलाच नाही तर हे सोडियमचं आहे. तिसरी, पहिल्या चाचणीत उरलेला कोरडा थर लहान क्रुसिबलमध्ये ८०० अंशांवर जाळा. अमोनियमचं जवळपास शून्य उरतं, सोडियमचं पांढरी राख ठेवतं.

मात्रा ठरवायची कशी? पावडरीच्या पिशवीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात विशिष्ट पृष्ठफळ दिलेलं असतं, चौरस मीटर प्रति ग्रॅम. दर चौरस मीटरला ०.३५ मिलिग्रॅम कोरडं पॉलिमर हा सुरुवातीचा अंदाज बरोबर बसतो. अल्मॅटिसची ए १६ एसजी ही या कामातली जुनी जाणती पावडर साधारण ९ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. किलोला ३ ग्रॅम कोरडं, १२ ग्रॅम द्रावण. ३ चौरस मीटरची जाडसर पावडर असेल तर ०.१ टक्का पुरे. हिंदाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यातूनही विशेष अ‍ॅल्युमिनाच्या अनेक ग्रेड निघतात. त्यांतही नावापेक्षा पृष्ठफळाचा आकडा विचारून घ्यावा.

अंदाजावर थांबू नये, शिडी चढून बघावी. २०० ग्रॅम पावडर आणि ५० ग्रॅम पाणी. पहिली पायरी ०.८ ग्रॅम द्रावण, म्हणजे ०.१ टक्का कोरडं. पुढे दर वेळी ०.४ ग्रॅम. प्रत्येक पायरीला पाच मिनिटं घोटायचं आणि दाटपणा मोजायचा. ब्रुकफील्ड, म्हणजे दाटपणा मोजणारं यंत्र, असेल तर उत्तमच. नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारा, तळाला भोक असलेला फोर्ड कप नंबर ४, नाहीतर सुई काढलेली १० मिलीची सिरिंज उभी धरून रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. सेकंद झपाट्याने उतरतात, तळाला सपाट होतात आणि मग पुन्हा चढायला लागतात. त्या सपाट तळाच्या मध्यावर थांबायचं. सुरुवातीच्या काठावर थांबलात तर बॉल मिलमध्ये (गोळे भरून फिरवलेल्या बरणीत) कणांचे गठ्ठे फुटून नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तिथे पॉलिमर कमी पडतं.

वर चढणारा भाग का येतो हे समजून घेण्यासारखं आहे. कणांचा पृष्ठभाग भरला की जास्तीचं पॉलिमर पाण्यात मोकळं तरंगतं. ते भारित असल्याने पाणी खारट झाल्यासारखा परिणाम होतो, कणांभोवतालचं विद्युत कवच आक्रसतं आणि कण पुन्हा जवळ येतात. अशी जास्त झालेली स्लिप कमी पडलेल्या स्लिपसारखीच दिसते. फरक ओळखायचा एक सोपा मार्ग: दोन वाट्यांत थोडी थोडी स्लिप घ्या, एकीत थोडं डिस्पर्संट टाका, दुसरीत पावडर आणि त्या प्रमाणात पाणी वाढवा. जी वाटी सैल पडेल तिने उत्तर दिलं.

किलोची बॅच अशी जमते. २४१ ग्रॅम डीएम पाणी, त्यात १२ ग्रॅम सी-एन. द्रावणातलं ९ ग्रॅम पाणी धरून पाणी एकूण २५०. आधी पाणी आणि डिस्पर्संट, मग पावडर तीनचार हप्त्यांत. उलट केलं, म्हणजे पावडर आधी भिजवून मग डिस्पर्संट, तर सुरुवातीलाच गच्च गोळे होतात आणि मिलमध्ये ते तासन्‌तास फुटत नाहीत. दोन लिटरची अ‍ॅल्युमिनाची किंवा पॉलिथिनची बरणी, १० मिमीचे अ‍ॅल्युमिनाचे गोळे अर्ध्या बरणीपर्यंत, वजनात साधारण दोन सव्वादोन किलो. स्लिप ५०० मिलीच्या आसपास होते आणि गोळे जेमतेम बुडतात, तेच हवं. २० सेंमी व्यासाच्या बरणीला मिनिटाला ६० फेरे. १२ तास पुरतात. दळायचं नाही, गठ्ठे फोडायचे आहेत. २४ तासांच्या पुढे गेलात तर गोळ्यांची झीज स्लिपमध्ये येते आणि मात्रेचं गणितही सरकतं. पॉलिथिनची बरणी बरी, कारण तिचे कण भट्टीत जळून जातात. लोखंडी बरणी किंवा गंजका ढवळा मात्र अजिबात नको. भाजल्यावर पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपके उमटतात आणि ते घासून जात नाहीत.

मग नायलॉनच्या १५० मायक्रॉन जाळीतून गाळून दहा मिनिटं निर्वातात ठेवा. फुगे उसळतात आणि बसतात. सी-एन मुळात फेसाळ नाही, त्याचा हा गुण खरोखर कौतुकाचा. तरी फेस धरला तर ऑक्टेनॉलचा एखादाच थेंब. या टप्प्यावर कंटाळा केला तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं थेट भाजलेल्या भिंतीत दिसतात.

पाण्याबद्दल काटकसर नको. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पॉलिमरच्या हाडवैऱ्यांपैकी. दोन भार असलेला एक आयन साखळीतल्या दोन जागा धरून बसतो आणि साखळी गुंडाळते. याच कारणाने मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालतानाही जपावं लागतं. भाजताना अ‍ॅल्युमिनाचे कण बेसुमार वाढू नयेत म्हणून ०.०५ टक्के मॅग्नेशिया घालण्याची पद्धत १९६० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांच्या कामातून आली. ल्युकॅलॉक्स हा अर्धपारदर्शक अ‍ॅल्युमिना त्यातूनच निघाला. पण मॅग्नेशिया पाण्यात किंचित विरघळतो, आणि सकाळची दुधासारखी स्लिप संध्याकाळी दह्यासारखी होते. बऱ्याच ‘सुपर ग्राउंड’ ग्रेडमध्ये तो आधीच घातलेला असतो. माहितीपत्रक वाचून मगच वेगळा घाला.

आता तक्रारीची बाजू. सी-एनचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे अमोनिया. स्लिपची बरणी उघडी राहिली की तो हळूहळू उडतो, पीएच ९.५ वरून ८ कडे सरकतो आणि दाटपणा वाढतो. अशा वेळी हात सवयीने डिस्पर्संटकडे जातो, तो थांबवा. आधी पीएच मोजा. अमोनियाच्या द्रावणाचे काही थेंब टाकून तो ९ ते ९.५ वर आणला की स्लिप बहुतेकदा पूर्वीसारखी वाहू लागते. बंद खोलीत काम करत असाल तर डोळे चुरचुरतात, पंखा हवा. दुसरा दोष, म्हटलं तर गुणाचीच मागची बाजू: कण इतके सुटे होतात की जाडसर पावडर बरणीच्या तळाला सिमेंटसारखी बसते. स्लिप रात्रभर बरणीत संथ फिरती ठेवावी. तिसरा, कच्च्या भागाला मजबुती नाही. कडा बोटाने कुसकरतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालून मजबुती येते, पण स्लिप दाट होते, फेस धरते आणि कास्टिंग मंदावतं. जाड भिंतीच्या साध्या आकाराला ते न घालताच चालवावं.

प्लास्टरच्या साच्याशी या स्लिपचं कसं जमतं? हे वाटतं त्यापेक्षा नाजूक आहे. साचा पाणी ओढतो आणि त्याच्या भिंतीला पावडरीचा थर बसतो, चक्का टांगल्यावर फडक्याला बसतो तसा. मातीच्या स्लिपपेक्षा इथे ओढ मंद असते, कारण नीट सुट्या केलेल्या बारीक कणांचा थर फार घट्ट असतो आणि पाण्याला त्यातून वाट काढावी लागते. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढते. पाच मिनिटांत २ मिमी बसत असेल तर ४ मिमीला दहा नाही, वीस मिनिटं लागतील, आणि ६ मिमीला पंचेचाळीस. घाईने कास्टिंगचा वेग वाढवण्यासाठी डिस्पर्संट मुद्दाम कमी ठेवण्याची युक्ती मातीकामात चालते. घट्ट अ‍ॅल्युमिनासाठी ती करू नये, वेग मिळतो आणि घनता जाते.

साच्याला १०० भाग प्लास्टर, ७० भाग पाणी. रसायनाच्या हिशोबाने प्लास्टरला फक्त १८.६ भाग पाणी लागतं. उरलेलं पाणी सुकून जी भोकं ठेवतं तीच पुढे स्लिपचं पाणी ओढतात. त्यामुळे पाणी डोळ्याच्या अंदाजाने घातलं की दोन साच्यांची ओढ कधीच सारखी येत नाही, आणि दोन तुकड्यांच्या साच्यात तर भागाची एक बाजू जाड, एक बारीक होते. गणपतीच्या मूर्तींसाठी मिळणारं प्लास्टर स्वस्त असतं आणि कामही उरकतं, पण ते चटकन आवळतं आणि त्याची ओढ बॅचगणिक बदलते. पॉटरी ग्रेडच घ्या. प्लास्टर पाण्यावर भुरभुरून दोनतीन मिनिटं मुरू द्या, मग दोनतीन मिनिटं फेस न होता ढवळा. साचा ४५ अंशांच्या वर सुकवू नका, नाहीतर जिप्सम आपलं पाणी सोडून भुसभुशीत होतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात साचा उघड्यावर आठवडाभरही सुकत नाही. पंखा लावलेलं ४० अंशांचं कपाट लागतंच. रोज वजन करा. सलग दोन दिवस वजन तेवढंच राहिलं की सुकला.

सी-एन आणि प्लास्टर यांच्यातला खरा झगडा कॅल्शियमचा. साच्यातून थोडं कॅल्शियम स्लिपमध्ये उतरतं आणि भिंतीलगतची स्लिप जरा आधीच गोठते. थर सुरू व्हायला त्याची मदतच होते. पण जादाची स्लिप ओतून काढल्यावर ती मूळ बरणीत परत टाकण्याची खोड वाईट. तीनचार वेळा असं झालं की पूर्ण बरणी दाटते आणि कारण सापडत नाही. ओतून काढलेली स्लिप वेगळ्या डब्यात ठेवा, तिला बिनमहत्त्वाच्या कामाला वापरा. नव्या साच्यातले पहिले दोन भागही टाकूनच द्यायचे असतात, त्यांच्या पृष्ठभागावर प्लास्टरची भुकटी येते. भाग साच्याला चिकटत असेल तर अमोनियम अल्जिनेटचं पातळ द्रावण आतून फिरवून ओता. प्लास्टरच्या कॅल्शियमशी त्याचा पातळ पापुद्रा होतो आणि भाग त्यावरून सुटतो. टाल्क नको, त्यातलं सिलिका आणि मॅग्नेशिया भाजताना पृष्ठभागात शिरतं.

साचा एका दमात, एका बाजूने, न थांबता भरा. धार थांबली की भिंतीवर तिथे आडवी वळी उमटते आणि भाजल्यावर ती तशीच राहते. भरीव भाग असेल तर वर स्लिपचा साठा ठेवून सतत भर घालत राहावं लागतं, नाहीतर मधोमध नरसाळ्यासारखी पोकळी होते. ओतून काढल्यावर साचा तिरपा पालथा ठेवा, तळाला थेंब साचू देऊ नका. भाग भिंतीपासून सुटला की काढा. गाभा असलेल्या आकारात गाभा आधी काढा, नाहीतर भाग त्याच्यावर आवळून तडकतो.

सुकवणं खोलीच्या तापमानाला एक दिवस, मग ओव्हनमध्ये ११० अंश. इतकं थोडं सेंद्रिय असल्याने ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांनी गेलं तरी पुरे. पुढची गोष्ट बाटलीच्या हातात नाही, पण सांगायलाच हवी: स्टुडिओ पॉटरीच्या भट्ट्या १२५० ते १३०० अंशांना थांबतात आणि तिथे अ‍ॅल्युमिना फक्त खडूसारखा घट्ट होतो. दाट व्हायला १५५० ते १६०० अंश आणि दोन तास लागतात, म्हणजे मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे हीटर असलेली भट्टी. भाग जाडसर अ‍ॅल्युमिनाच्या रेतीवर ठेवा, आकसताना तो सरकायला मोकळा हवा. साच्याचं माप काढताना अंतिम मापाला १.१८ ने गुणा आणि सुकतानाचा टक्काभर वेगळा धरा. ५० मिमीच्या क्रुसिबलला साच्यात ५९ आणि वर थोडं.

डिस्पर्संटने काम केलं की नाही ते शेवटी काट्यावर कळतं. भाग कोरडा तोला, पाण्यात उकळून मुरवा, पाण्यात लटकवून तोला, मग बाहेर काढून ओलं पुसून तोला. कोरडं ३९ ग्रॅम, लटकतं २९, ओलं ३९ आलं तर घनता ३.९०, म्हणजे ९८ टक्के, आणि ओलं-कोरडं सारखं असल्याने उघडी छिद्रं नाहीत. ओलं ३९.६ आलं तर भाग पाणी पितो आहे. काटा नसेल तर लाल शाई लावून धुवा. डाग राहिला की भाग गळका.

झिर्कोनियावरही (झिर्कोनियम ऑक्साइड) सी-एन चालतं, फक्त पृष्ठफळाचं गणित नव्याने करा. टोसोह कंपनीची टीझेड-३वाय ही झिर्कोनिया पावडर १६ चौरस मीटरची आहे, तिला अ‍ॅल्युमिनाची मात्रा जवळपास दुप्पट करावी लागेल. मॅग्नेशियाचे भाग पाण्यात करूच नका, तो पाणी धरून हायड्रॉक्साइड होतो आणि डिस्पर्संटचा त्यात दोष नसतो. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडही पाण्याशी झगडतं. साच्याऐवजी स्लिपच गोठवणाऱ्या जेलकास्टिंगमध्ये मात्र हेच डिस्पर्संट सुखाने वापरता येतं, तिथे प्लास्टर नसल्याने कॅल्शियमची कटकटही नाही.

विकत घेताना एवढं बघा. लेबलवर अमोनियम आणि टक्केवारी दोन्ही छापलेलं असावं, उत्पादनाची तारीख दिसावी आणि झाकण आतल्या सीलसह असावं. बाटली उघडल्याची तारीख वर मार्करने लिहा, झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका. अर्ध्या किलोच्या बाटलीत ए १६ एसजीसारखी चाळीस किलो पावडर निघते. महिन्याला पाच किलोचं काम असेल तर ती आठ महिने पुरेल, मोठा कॅन घेऊन अर्ध्याहून अधिक अमोनिया छताला देण्यात अर्थ नाही.